भाकरीला चिकटलेला तीळ

एवढीशी मुंगी. एवढीशी म्हणजे केवढी? तुझ्या करंगळीच्या नखावर तिघी बसतील, एवढी. तिचं नाव ठिपकी.

ठिपकीला सात लेकरं. सातही भुकेली. ठिपकी सकाळीच निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तिला सापडला एक तीळ. पांढरा, गुबगुबीत. तिनं तो डोक्यावर घेतला.

"आज तिळाचं जेवण," ठिपकी म्हणाली.

वाटेत लागलं सोनाक्काचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात लागली परात. परात चढता चढता ठिपकी दमली. तिनं तीळ काठावर ठेवला. पाठ खाजवायला घेतली. पण पाय सहा. कोणत्या पायानं खाजवावं, हेच तिला ठरवता येईना.

तेवढ्यात आक्का भाकरी थापू लागली. थप थप थप. परात हलली. तीळ घरंगळला. भाकरीला चिकटला. भाकरी तव्यावर गेली. भाकरी भाजली. मग चुलीला टेकून उभी राहिली. तीळ तिच्या पोटावर.

चूल विझत आली. आक्का उठून बाहेर गेली. ठिपकी भाकरीकडे गेली.

तुरुतुरु तुरुतुरु.

"भाकरीताई भाकरीताई, माझा तीळ दे. माझी लेकरं उपाशी."

"देईन की," भाकरी म्हणाली. "मलाही त्याच्या गुदगुल्या होतायत. ताटात गेले की देईन."

"मग जा ना ताटात."

"एकटी जाऊ? पिठल्याशिवाय? लोक काय म्हणतील? आधी बेसन शिजू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बेसन डब्यात बसलं होतं.

"बेसनदादा बेसनदादा,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू शिजतोस का?"

बेसन शिंकलं. फट्‌छी. सगळीकडे पिवळं पिवळं झालं. ठिपकीसुद्धा पिवळी झाली.

"मी नाही शिजत," बेसन म्हणालं. "आधी मोहरी तडतडू दे. मागे एकदा मी फोडणीआधीच कढईत उडी मारली. झारा हसला. पळी हसली. उलथनं तर अजून हसतंय."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मोहरी मिसळणाच्या डब्यात बसली होती. हळदीच्या शेजारी.

"मोहरीबाई मोहरीबाई,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू तडतडतेस का?"

"कोणाला विचारतेस?" मोहरीचे दाणे एकदम म्हणाले. "आम्ही शंभर जणी आहोत."

"सगळ्यांना विचारते."

शंभर जणींनी डोकी जवळ घेतली. कुजबुज कुजबुज. मग म्हणाल्या, "आम्ही नाही तडतडत. आधी तेल तापू दे. गार तेलात पडलो की सर्दी होते."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तेल कढईत पसरलं होतं.

"तेलकाका तेलकाका,
मोहरी तडतडेना,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू तापतोस का?"

"हळू बोल," तेल म्हणालं. "मी झोपलोय."

"झोपलेलं माणूस बोलतं का?"

"मी माणूस नाही. मी तेल आहे. मी नाही तापत. आधी चूल पेटू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चूल डोळे चोळत होती.

"चूलमावशी चूलमावशी,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू पेटतेस का?"

"अगं बाई, माझ्या डोळ्यांत धूर गेला," चूल म्हणाली.

"धूर तुझाच आहे ना, मावशी?"

"माझा आहे म्हणून काय झालं? जातोच की डोळ्यांत. मी नाही पेटत. आधी फुंकणीला फुंकू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लोखंडी फुंकणी भिंतीला टेकून उभी होती.

"फुंकणीआत्या फुंकणीआत्या,
चूल पेटेना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू फुंकतेस का?"

"माझ्यात बघ," फुंकणी म्हणाली.

ठिपकी एका तोंडातून आत शिरली. दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काही दिसलं?"

"काहीच नाही."

"तेच तर. मी सगळी पोकळ. माझ्याकडे स्वतःची फुंकर नाही. मी नाही फुंकत. आधी आक्का उठू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आक्का उंबऱ्यावर बसली होती. स्वयंपाकघराकडे पाठ. तोंड अंगणाकडे. अंगणात काही नव्हतं. तरी ती तिकडेच बघत होती.

"आक्का आक्का,
फुंकणी फुंकेना,
चूल पेटेना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तू उठतेस का?"

"मी नाही उठत," आक्का म्हणाली. "भाकरी केली. पिठलं करणार नाही."

"का गं?"

"काल आबा म्हणाले, पिठल्यात मीठ कमी. चाळीस वर्षं पिठलं करतेय मी. माझा हात चुकायचा नाही. आधी आबांना म्हणू दे, पिठलं छान होतं. मग उठीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आबा म्हणजे आक्काचे म्हातारे. ते पाटावर बसले होते. पुढ्यात ताट. ताटात काही नाही.

"आबा आबा,
आक्का उठेना,
फुंकणी फुंकेना,
चूल पेटेना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
बेसन शिजेना,
भाकरी तीळ देईना,
माझी लेकरं उपाशी.
तुम्ही म्हणता का, पिठलं छान होतं?"

आबांनी विचार केला. खूप वेळ केला. पोटात गुर्रर्र झालं. तरी केला.

"कसं म्हणू, बाळ?" आबा म्हणाले. "खोटं मला बोलता येत नाही. आधी चाखीन, मग म्हणीन."

"पण तुम्ही म्हटल्याशिवाय आक्का पिठलं करायची नाही."

"आणि पिठलं खाल्ल्याशिवाय मी म्हणायचा नाही."

"मग आता?"

"मग आता मी बसतो," आबा म्हणाले. आणि बसले. बसलेलेच होते. आणखी बसले.

आता ठिपकीला पुढे जायला कोणी उरलं नाही. ती ताटाच्या काठावर बसली. तिला सात लेकरं आठवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढंसं. खाली पडायच्या आत वाळून गेलं.

मग तिला वास आला. मुंगीचंच नाक ते. कुठून येतोय? मोरीकडून येतोय. मोरीपाशी कालचं पातेलं होतं, घासायचं राहिलेलं. पातेल्याच्या तळाला पिठल्याची खरवड. लालसर, कुरकुरीत, घट्ट चिकटलेली.

ठिपकीनं सहा पाय रोवले. खरवड ओढली. खर्र खर्र. निघेना. खर्र खर्र. निघेना. खर्र खर्र टक्‌. निघाली. एक कण.

कण डोक्यावर घेऊन ठिपकी आबांवर चढली. तुरुतुरु पाऊल. तुरुतुरु गुडघा. तुरुतुरु सदरा. तुरुतुरु दाढी. दाढीत ती दोनदा हरवली.

"आबा, आ करा."

आबांनी आ केला. ठिपकीनं कण जिभेवर ठेवला.

आबांनी तोंड मिटलं. आबा चावत राहिले. चावण्यासारखं काही नव्हतं. तरी चावत राहिले. उंबऱ्यावर आक्काचा एक कान इकडे वळला. भाकरी टाचा उंच करून बघू लागली.

"मीठ," आबा म्हणाले.

आबांनी आणखी एकदा चावलं.

"मीठ बरोबर आहे."

"मग काल का कमी म्हणालात?" आक्का उंबऱ्यावरूनच म्हणाली.

आबांनी पुन्हा विचार केला. "काल मी आधी लिंबाचं लोणचं चाटलं. बरणी उघडी होती. खारट होतं फार. मग पिठलं अळणी लागलं."

"चोरून चाटलंत."

"एकच बोट."

"एकच?"

"एकच. पण पाच वेळा." आबा ताटाकडे बघत म्हणाले, "तुझं पिठलं छान होतं गं. तुझा हात चुकला नव्हता. जीभ माझीच चुकली."

मग काय झालं?

आबा बोलले.
आक्का उठली.
फुंकणीनं फुंकलं. फूऽऽ फूऽऽ.
चूल पेटली. भक्‌.
तेल तापलं.
मोहरी तडतडली. तड तड तड तड, शंभर जणी एकदम.
पाणी पडलं. चर्रर्र.
बेसनानं उडी मारली. बेसन शिजलं. रटरट रटरट.
पिठलं झालं.

पिठलं ताटात गेलं. भाकरीही मान ताठ करून ताटात गेली. आबांनी भाकरी मोडली.

टप्प.

तीळ पडला.

"घे गं ठिपके," भाकरी म्हणाली. "गेल्या माझ्या गुदगुल्या."

पण हा तीळ कसा होता? भाकरीबरोबर भाजलेला. गुलाबी. खमंग. ठिपकीनं त्याला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग डोक्यावर घेतला. घरापर्यंत कुठेही खाली ठेवला नाही. पाठ खाजली, तरी नाही.

घरी सात लेकरं ओळीनं बसली. मध्ये तीळ. कुडुम कुडुम. कुडुम कुडुम. सगळ्यांची पोटं भरली. पोटं अशी भरली की धाकट्याला वळता येईना. अर्धा तीळ उरला. तो ठिपकीनं खाल्ला. सावकाश, पाय पसरून. सहाही.

तीळ गेला पोटात, गोष्ट गेली कानात. आता तू आ कर.