तिसरी नळी

फार दिवस झाले या गोष्टीला. साल विचारू नका. एका गावात एक मालक होता आणि त्याच्याकडे एक जुना ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरच्या शेडमध्येच एक म्हातारा मिस्त्री राहायचा. त्याला दुसरे घर नव्हते आणि घरचे म्हणावे असे कोणी नव्हते.

एकदा ट्रॅक्टर बिघडला. रेटून चालवला की कसाबसा ओढायचा, पण नुसता उभा ठेवला की धडधडायचा, थरथरायचा आणि बंद पडायचा.

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवूनच पाना हाती घेतला. तीन सिलिंडरांकडे डिझेल नेणाऱ्या तीन नळ्या होत्या. त्याने पहिल्या नळीचा नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडले, तसे इंजिन आणखी अडखळले. तो आवळून दुसरा सैल केला, तेव्हाही तेच झाले. तिसरा सैल केला, तर आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

"सापडला," मिस्त्री म्हणाला. "मालक, ह्यो तिसरा सिलिंडर कामच करंना. बंद केला काय आन् चालू ठेवला काय, इंजिनाला सारखंच."

मग त्याने तिसऱ्याचे डिझेल फवारणारे नोझल काढले, काजळी साफ केली आणि परत बसवले. इंजिन शांत चालू लागले. पण हे बघायला मालक थांबलाच नव्हता. शहाण्या माणसांना अर्धीच गोष्ट पुरते!

दुसऱ्या दिवसापासून मालकाने माणसे तपासायला घेतली. एकेकाला दिवसभर घरी बसवायचे आणि काय अडते ते पाहायचे. गुराख्याला बसवले, तर गाई हंबरून बेजार झाल्या. स्वयंपाकीणबाईंना बसवले, तर दुपारपर्यंत चूल पेटली नाही. मग मिस्त्रीला चावडीवर नेऊन बसवले. ट्रॅक्टर दिवसभर झकास चालला.

"मिस्त्री, तुमच्यावाचून काहीच अडलं नाही," मालक म्हणाला. "शेड मोकळी करा."

"मालक, डिझेलच्या फिल्टरात साचलेलं पाणी रोज सकाळी मी काढतो. ते एका दिसात कसं कळंल? आन् तिसरा सिलिंडर मी फेकून दिला का? साफ करून परत बसवला न्हवं? ह्या वयात मी जाऊ कुठं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मिस्त्री वळकटी घेऊन निघाला. त्याच पावसाळ्यात परगावच्या एका देवळाच्या ओसरीत तो मेला. गोड शब्दांत सांगावे असे त्यात काही नाही.

इकडे फिल्टरात पाणी साचत राहिले. आधी ट्रॅक्टर पुन्हा धडधडू लागला, मग डिझेलचा पंप गंजला आणि ऐन पेरणीत तो जागीच बसला. मालकाच्या मुलांनी नवा ट्रॅक्टर आणला आणि जुना शेडमध्ये ढकलून दिला.

वर्षे गेली. मालक थकला. मुलांनी त्याला आठ दिवस लेकीकडे धाडले, म्हणाले हवापालट होईल. तो परत आला तेव्हा त्याची खाट शेडमध्ये टाकलेली होती, गंजलेल्या ट्रॅक्टरशेजारी.

"अरे, हे काय?"

"आबा, आठ दिवस तुम्ही नव्हता, काहीच अडलं नाही," थोरला शांतपणे म्हणाला आणि वळला.

"पण आठ दिवसांत कसं कळेल रे?" मालक कळवळून म्हणाला. ऐकायला तिथे कोणी उरले नव्हते.

लहानांनो, आणि तुमच्याआडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एवढेच ध्यानात ठेवा: आज कोणावाचून काही अडले नाही, म्हणून तो माणूस बिनकामाचा ठरत नाही.