धाकलीने धरलेली खांड

खाडीच्या तोंडाशी वाघखार नावाचे गाव होते आणि गावामागच्या टेकडीवर श्रीअचळबाबा महाराजांचा मठ. गावाची सगळी भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा एक लांबलचक बांध, तेवढाच काय तो आधार. त्या बांधाला भगदाड पडले की तिकडचे लोक ‘खांड गेली’ म्हणतात. खांड गेली की खारे पाणी शेतात घुसते आणि मग तीन-तीन वर्षे तिथे दाणा पिकत नाही. भाविकहो, एवढे मनाशी ठेवा, म्हणजे पुढे काय घडले ते नीट कळेल.

मठात रोज सकाळी महाराज मंडळींना ध्यानाला बसवीत. त्यांत धाकली नावाची एक आगरी बाई येई. तिचा नवरा लाया या बांधाचा राखणदार होता. एका उधाणात खांड गेली, ती अडवायला हा एकटाच पाण्यात उभा राहिला. निरोप कळताच धाकली घरून धावत सुटली. पण ती पोचली तेव्हा तिथे बांधही नव्हता आणि लायाही नव्हता. पुढे लोकांनी बांध पुन्हा घातला आणि राखण तिने स्वतःकडे घेतली.

एकदा ती महाराजांपुढे रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाबा, मना नाय जमत ध्यान. डोले मिटले का देव दिसतच नाय. बांधच दिसतं.”

शेजारी गावचे खोत विश्वंभरपंत बसले होते. पंत काशीला राहून योगाभ्यास शिकून आलेले. श्वास कोंडून बसले की बघणाऱ्याचाच जीव गुदमरावा! ते खो खो हसले. “अगं, ध्यान भ्रूमध्यावर करतात, ओंकारावर करतात. चिखलाचं कसलं ध्यान करतेस? पुढल्या जन्मी बेडूक होशील!”

मंडळीही हसली. धाकलीने मान खाली घातली.

महाराज मात्र हसले नाहीत. म्हणाले, “धाकले, मन बांधावर जातं ना? जाऊ दे. ओढून आणू नकोस. तूही जा त्याच्या मागोमाग. फक्त तिथं गेल्यावर पळून यायचं नाही. जे दिसेल ते बघत बसायचं.”

“आन् ते बुडताना दिसले तर?”

“तरी बस,” महाराज म्हणाले.

सोपे का होते ते! रोज डोळे मिटले की लाया वाहून जाताना दिसे, आणि ती हुंदके देत उठे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. “आल्या बांधाच्या योगिनीबाई!” पंत म्हणायचे, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखे करायची. पण बाई मोठी हट्टी हो! रडत बसायची, पण बसायची. होता होता रडणे ओसरले. मग तिला बांध नुसताच दिसू लागला. खेकड्यांची बिळे, वाळलेले शेवाळ, चढत येणारी भरती. एके दिवशी ध्यान आटोपल्यावर ती महाराजांजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाबा, आज बांध कंचा न मी कंची, कललाच नाय. पानी बांधाला लागलं, न गार मना वाटलं.”

महाराजांचे डोळे भरून आले. “हेच ते, पोरी! याच्यासाठीच तर माणसानं डोळे मिटायचे. आता हे सांगत फिरू नकोस, आणि बसायचं सोडू नकोस.”

भाद्रपदातली पौर्णिमा आली. मठात भंडारा होता. सारा गाव टेकडीवर लोटला होता. खाली शेतात भात पोटरीला आलेले, कणसे फुटायच्या बेतात, आणि ऐन दुपारी उधाणाची भरती. पंगत बसण्याआधी महाराज भिंतीला पाठ लावून ध्यानाला बसले, मंडळीही बसली. पंतांनी मुद्दाम धाकलीसमोरच आपले मृगाजिन अंथरले.

थोडा वेळ गेला असेल नसेल, धाकली बरगडीवर हात दाबून ओरडली, “बाबा, हितं फुटलं! खांड चालली!”

“झालं!” पंत म्हणाले. “बांध इथून कोसभर लांब. बाईंना भूक लागलीय, दुसरं काही नाही.”

महाराजांनी डोळे उघडले आणि गावच्या पाटलांना हाक दिली. “हाशा पाटील, फावडी घ्या, पेंढे घ्या. पळा सगळे!”

महाराजांचा शब्द म्हटल्यावर कोण विचारत बसतो? पुरुषमंडळी धावत सुटली. धाकलीनेही पदर खोचला. तोच महाराज म्हणाले, “तू बस.”

“बाबा, तुमच्या पाया पडते, मना जाऊ द्या!”

“मागच्या खेपेला धावलीस ना? पोचलीस?”

महाराजांचा आवाज मऊ झाला. “ही माणसं पोचेपर्यंत कुणीतरी खांड धरायला हवी. आत्ता या घडीला तिथं तुझ्याशिवाय कुणी नाही. बस, आणि धर.”

धाकली बसली. पाय पळायला बघत होते, ते तिने आवळून घेतले. ओठ घट्ट मिटले, डोळे मिटले आणि गेली बांधावर.

“मीही इथून हलत नाही,” पंत म्हणाले. “बघतोच बसल्या जागी कसा बांध धरते!” आणि त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही. बाई थरथरत होती. तिचे लुगडे भिजत चालले. पंतांना वाटले, घाम असेल. पण त्याला खाडीचा वास येत होता. पंतांच्या तोंडावरचे हसू मावळले.

बऱ्याच वेळाने माणसे परत आली, चिखलाने माखलेली, रडत. हाशा पाटलांनी महाराजांपुढे अंगच टाकले. “बाबा, बांध वाचलं, पन आमची धाकली गेली! आमी पोचलो तवा ती खांडीत पाठ लावून उभी व्हती. छातीपोत पानी! आमी भराभर पेंढे लावले, माती लोटली. खांड बुजली न तिला वर घ्यायला हात घातला, तर कोनीच नाय!”

“पाटील, भलतंच काय बोलता?” पंतांच्या तोंडून निघून गेले. “ती इथून हललेली नाही. मी समोर बसून...”

धाकली डोळे उघडत होती. तिच्या पाठीवर, केसांत, पायांवर बांधाचा काळा चिखल थापलेला होता.

“भ्यालीस का गं?” महाराजांनी विचारले.

“नाय बाबा. पानी लय जोरात व्हतं. पन माझ्या पाठीला पाठ लावून कोनतरी उभा व्हता. मना वाटलं, तेच आलेत.”

“चला, पानं मांडा,” म्हणत महाराज उठले आणि स्वयंपाकघराकडे वळले. तेव्हा पंतांना त्यांची पाठ दिसली. भगवी कफनी मानेपासून कमरेपर्यंत काळ्या चिखलाने भरली होती.

पंतांनी धावत जाऊन पाय धरले. “महाराज, मी इतकी वर्षं श्वास कोंडला, आणि कुठंच पोचलो नाही!”

महाराजांनी त्यांना उठवले आणि धाकलीकडे बोट केले. “पंत, तुमची शेतंही त्याच बांधामागं आहेत.”

सगळ्या गावादेखत खोतांनी त्या आगरी बाईपुढे डोके टेकले. ती बिचारी अंग चोरून मागे सरकली. “अवो पंत, उठा! काय करता?” पंत उठले, तेव्हा त्यांच्या कपाळाला तिच्या पायाचा चिखल लागला होता. तो त्यांनी पुसला नाही. तसेच पंगतीला बसले.