रस्त्यावरचं ठिगळ

"पण बाबा, हे काम त्याला का दिलंत?"

निळकंठबाबा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"बसवंतला," अच्युत म्हणाला. "आत्ताआत्ता मठात आलेला माणूस! फाटकापासूनचा काँक्रीटचा रस्ता मी माझ्या हातानं केला. त्याच्याखालून नळ न्यायचा, आणि तो यानं?"

"पलीकडच्या खोल्यांत आजारी माणसं आहेत. त्यांना पाणी हवंय. आधी तुलाच विचारलं होतं. तू म्हणालास, माझा रस्ता फुटेल."

अच्युत ओसरीवरून निघून गेला.

पण आत जळतच राहिला. इतकी वर्षं बाबांची हाक त्याला यायची. हल्ली ती बसवंतला जाई. जेवताना बाबांशेजारचा पाटही बसवंतचा.

बसवंतनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे खणले. एका खड्ड्यात उतरून त्यानं लोखंडी पाइप आडवा धरला. रस्ता न फोडता, खालच्या मातीतून ठोकत ठोकत तो पलीकडे काढायचा होता.

"दादा," त्यानं खालून विचारलं, "मध्ये काही लागेल का हो? रस्ता तुमचाच आहे, म्हणून विचारतो."

मधोमध काळा दगड होता. रस्ता करताना तो निघेना, म्हणून अच्युतनं त्यावरच मुरूम दाबून काँक्रीट ओतलं होतं.

"नुसती माती आहे," अच्युत म्हणाला.

पाइप सरकत गेला आणि दगडावर आदळला. बसवंतनं जोर लावला. पाइप उसळला, हातोडा निसटला आणि त्याच्या डाव्या हातावर बसला. दोन बोटं चेचली.

मग रस्ता मधोमध कापावाच लागला. मठातल्या माणसांनी पहारीनं दगड काढला, पाइप पलीकडे नेला, खड्डे बुजवून माती चोपून बसवली आणि कापलेल्या जागी नवं काँक्रीट भरलं. बसवंत बांधलेला हात छातीशी धरून शेजारी उभा होता.

पलीकडच्या नळाला पाणी आलं. एक म्हातारी कितीतरी वेळ धारेखाली ओंजळ धरून बसली.

अच्युत बाबांना घेऊन रस्त्यावर आला.

"बघा, फुटलाच ना? एवढा गुळगुळीत रस्ता, आणि त्याला हे ठिगळ!"

बाबांनी ठिगळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी अच्युतचा डावा हात हातात घेतला. एकेक बोट हळूच दाबून पाहिलं.

"धड आहेत," ते म्हणाले.

अच्युतला हात सोडवून घेता येईना.

"बाबा... तिथे दगड आहे, हे मला ठाऊक होतं."

"हं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"बसवंत म्हणाला, दादा विसरले असतील."

अच्युत ठिगळाशेजारी खाली बसला.

पलीकडे नळ वाहत होता.

"मला शिक्षा द्या, बाबा."

"नव्या काँक्रीटवर पाणी मारायचंय. बसवंतचा हात बांधलाय."

अच्युत उठला. पलीकडच्या नळावरून त्यानं बादली भरून आणली.

"किती दिवस मारू?"

बाबा ओसरीकडे वळले होते.

"रस्ता कुणाचा आणि ठिगळ कुणाचं, ते विसरेपर्यंत."