कुशलाचा नगारा

पूर्वी चित्रवती नदीच्या काठी सुमंगल नगरीत पुष्पकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नगररक्षकाच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. दरोडेखोरांचा माग काढण्यात त्याचे तारुण्य गेले, केस पांढरे झाले, आणि अखेरीस राजाने दक्षिण नगरातल्या सगळ्या चौक्या त्याच्या हाती दिल्या. उत्तर नगराच्या चौक्या वज्रकाकडे होत्या. वज्रकही तितकाच जुना आणि तितकाच शूर होता. तरुणपणी दोघांनी एकाच चौकीवर पहारा केला होता.

पुढे राजाच्या मनात आले की दोन्ही नगरांच्या रक्षणासाठी एकच नगरपाल असावा. त्याच सुमारास राजपुत्र अरिंदम तक्षशिलेहून दंडनीती शिकून परतला होता. राजा त्याला म्हणाला, "राज्य कसे करावे हे तू वाचून आला आहेस. माणसांकडून काम कसे करून घेतात ते या दोन म्हाताऱ्यांकडून शीक. नौकोत्सवाच्या संध्याकाळी मला सांग, नगरपाल कोणाला करू. ज्याची रीत निवडशील तीच पुढे तुझी रीत होईल, तेव्हा विचार करून सांग."

कुमाराला इतका आनंद झाला की त्याला घरात बसवेना. रोज उजाडण्याआधी तो कोणत्या तरी चौकीवर जाऊन उभा राही आणि पहारेकऱ्यांना प्रश्न विचारून हैराण करी.

त्या नगरात असा रिवाज होता की प्रत्येक चौकीने थोड्या थोड्या वेळाने नगारा वाजवायचा. एक संथ ठोका म्हणजे कुशल. दोन घाईचे ठोके म्हणजे अडचण. उत्तर नगरातून नेहमी संथ ठोके येत.

वज्रक अभिमानाने म्हणाला, "ऐका कुमार. आमच्याकडे अडचणीचा नगारा शेवटचा कधी वाजला, मला आठवतही नाही."

"हे कसे साधले?"

"ज्याच्या चौकीवर अडचण, त्याच्या पाठीवर वेत. अडचणी आपोआप कमी होतात."

कुमाराला हे फार आवडले. त्याने उत्तरेच्या पहारेकऱ्यांना रांगेत उभे करून प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःच्या हाताने सोनचाफ्याची माळ घातली. मग त्याला तो नादच लागला. उत्सव येईपर्यंत रोज कोणत्या ना कोणत्या चौकीला माळा मिळू लागल्या.

दक्षिणेत सगळे उलटे होते. तिथले नगारे दिवसभर घाईत. कुठे बैल सुटला, कुठे विहिरीचा रहाट मोडला, कुठे पहारेकऱ्यालाच डुलकी लागली. संध्याकाळी पहारा बदलताना भद्रक सगळ्यांना जांभळीखाली बसवी आणि त्या दिवशीची स्वतःची चूक सर्वांआधी सांगे.

"आज मी एका कुंभाराला चोर समजून अडवले," तो एकदा म्हणाला. "बिचाऱ्याचा बाजार बुडाला."

"तात, मागे सुताराला अडवलेत, आता कुंभाराला," एक पहारेकरी म्हणाला. "राजपुरोहितांना तेवढे सोडा म्हणजे झाले."

सगळे हसले. भद्रकही हसला. मग दुसरा उठून म्हणाला की तो वेशीवर झोपला होता. "आदल्या रात्री कोणाचा पहारा केलास?" एवढेच भद्रकाने विचारले. आजारी सोबत्याचा पहारा त्याने केला होता. भद्रकाने त्याला घरी पाठवले आणि त्याच्या जागी स्वतः गेला.

कुमार संकोचून म्हणाला, "आर्य, अधिकाऱ्याने चारचौघांत आपली चूक सांगितली तर त्याचा धाक कसा राहील?"

"धाक राहत नाही, कुमार. बातमी मात्र येते."

कुमाराला हे पटले नाही. सुव्यवस्था म्हणजे शांतता, असे तो शिकून आला होता. वज्रकाचे नाव त्याने मनात निश्चित केले. भद्रकाला ते कळले होते. तरी जांभळीखालची बैठक त्याने मोडली नाही.

नौकोत्सवाचा दिवस उजाडला. नदीतल्या बेटावर नागदेवतेचे स्थान होते. नावा एकमेकींना बांधून त्यांवर फळ्या टाकीत आणि उत्तर वेशीबाहेरच्या काठापासून बेटापर्यंत पूल करीत. राजा आणि वज्रक सकाळीच बेटावर गेले होते. त्या दिवशी किती माणसे लोटली होती ते सांगता यायचे नाही, कारण सांगणारे यात नेहमीच भर घालत आले आहेत. पण वेशीच्या बुरुजावरून जमीन दिसत नव्हती, एवढे खरे असावे. शिंगे वाजत होती, पताका फडफडत होत्या. कुमार भद्रकाला घेऊन बुरुजावर उभा होता आणि त्याचे डोळे आनंदाने चमकत होते.

दक्षिणेकडून घाईचे ठोके आले. कोणाचे तरी मूल हरवले होते.

"आजच्या दिवशी तरी, आर्य," कुमार हसून म्हणाला.

भद्रकाचे लक्ष उत्तरेकडे होते. पुलाच्या चौकीवरून संथ ठोका आला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"कुमार, त्या पुलावरून सकाळपासून एकही अडचण आलेली नाही."

"तेच तर वज्रकाचे कौतुक."

"एवढी माणसे, फुगलेली नदी, जुने दोर. आणि कोणाची चप्पलसुद्धा हरवली नाही?" असे म्हणून भद्रक पायऱ्या उतरू लागला.

"ती चौकी तुमची नाही. वज्रक रागावेल."

"रागावू दे."

पूल तुटला असता तर नगरपालपद न मागता भद्रकाकडे चालत आले असते. पण त्या घडीला त्याच्या डोळ्यांपुढे पद नव्हते, फळ्यांवरून चाललेली माणसे होती.

पुलाच्या तोंडाशी पहारेकरी ताठ रांगेत उभे होते. जवळ गेल्यावर कुमाराला दिसले की त्यांचे हात पाठीमागे आहेत आणि दंड थरथरत आहेत. चौकीचा प्रमुख नंदिय नगारा वाजवीत होता. तो लेकुरवाळा, पोक्त माणूस होता. त्याच्या तोंडावरून घाम गळत होता.

"काय रे, सगळे ठीक?" कुमाराने विचारले.

"कुशल आहे, कुमार."

भद्रक त्याच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे दोर जुने झालेत हे मला ठाऊक होते. काल येऊन बघायला हवे होते. चौकी दुसऱ्याची म्हणून आलो नाही. ही चूक माझी. आता तू सांग."

नंदियाचा हात वरच्या वर थांबला. "तात, खुंटाचा दोर सुटलाय. आम्ही हातांनी धरलाय. मधल्या नावेत पाणी शिरतंय. फार वेळ धरवायचं नाही."

"मग अडचणीचा नगारा का नाही वाजवलास?" कुमार म्हणाला.

नंदियाने गळ्यातल्या सुकलेल्या माळेला हात लावला. "वेताची सवय आहे, कुमार. पण ही माळ तुम्ही घातलीत. पोरांनी पाहिली. ती काढून द्यायची हिंमत झाली नाही."

कुमार पुढे झाला आणि त्याने रांगेत शिरून दोर धरला.

आता गर्दी थांबवायला हवी होती. थांबा म्हणून ओरडावे तर पुढचे थबकले असते आणि मागच्यांच्या रेट्याने नदीत गेले असते. भद्रकाने नगाऱ्यावर अडचणीचे ठोके टाकले. ते ऐकून दक्षिणेच्या चौक्यांवरचे पहारेकरी धावत आले. मग तो पुलाच्या तोंडाशी, भर रस्त्यात, मांडी घालून खाली बसला. आलेले पहारेकरीही त्याच्या शेजारी बसले.

"बाई, पोर मांडीवर घ्या आणि टेका जरा," तो पुढच्या बाईला म्हणाला. "देव काही पळून जात नाही."

"म्हातारबा, बसायला जागा कुठाय?"

"मागच्याच्या पायावर बसा. तो आपोआप सरकेल."

लोक हसले आणि बसले. बसलेल्यांना पाहून त्यांच्या मागचे बसले, त्यांच्याही मागचे बसले. रान वाऱ्याने वाकावे तशी ती सारी गर्दी वेशीपर्यंत खाली बसली आणि रेटा संपला. पुलावरची माणसे थोडी थोडी करून बेटाकडे निघून गेली. कुमाराच्या तळहातांची साले निघाली, पण त्याने दोर सोडला नाही. शेवटची म्हातारी बेटावर उतरली तेव्हा भद्रक म्हणाला, "सोडा." मधली नाव पाण्याखाली गेली आणि पूल दुभंगला. नदीत एकही माणूस नव्हता.

वज्रक होडीतून परत आला तो हातात वेत घेऊनच.

"कुशलाचा नगारा कोणी वाजवला?"

नंदिय पुढे निघाला. त्याच्याआधी कुमार पुढे झाला. "मी वाजवला."

"कुमार, आपण तर बुरुजावर होता."

"नगाऱ्याची काठी याच्या हातात होती. पण कुशल ऐकून माळा मी वाटल्या. दुसरा ठोका टाकायची सोयच मी याला ठेवली नाही."

वज्रकाने वळून त्या तुटलेल्या पुलाकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "दोर जुने झालेत असे गेल्या उत्सवात एकाने मला सांगितले होते. मी त्याला मारले." त्याच्या हातातला वेत खाली आला.

संध्याकाळी कुमाराने राजापुढे भद्रकाचे नाव घेतले. भद्रक म्हणाला, "महाराज, वज्रकाला दूर करू नका. त्याची माणसे रांगेत घट्ट उभी राहायला शिकली नसती, तर तो दोर धरवलाच नसता. त्याच्याकडून वेत तेवढा काढून घ्या."

राजाने तसे केले. त्या दिवसापासून दोन्ही नगरांचे पहारेकरी जांभळीखाली एकत्र बसू लागले. पहिल्या दिवशी वज्रक कडेला अवघडून बसला होता. नंदियाने सरकून त्याला शेजारी जागा दिली. सुमंगल नगरीत पुढे दिवसभर अडचणीचे नगारे वाजत, आणि ते ऐकत लोक निवांत कामाला जात.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवंतांनी, पियंकर नावाच्या तरुण भिक्षूला सांगितली. त्याच्याकडे विहाराची व्यवस्था नुकतीच आली होती, आणि आपल्या काळात एकही तक्रार येत नाही याचा त्याला आनंद होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "पियंकर, त्या वेळचा अरिंदम तू होतास. वज्रक म्हणजे तुला ही व्यवस्था शिकवणारा, तिथे खांबाशी बसलेला तुझा स्थविर. नंदिय म्हणजे तुझ्या धाकाने गळकी कौले लपवणारा हा वृद्ध उपासक. आणि भद्रक मीच होतो. वाईट बातमी आणणाऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे, ही क्षांती. त्या जन्मी मी ती पारमिता, बोधीकडे नेणारा तो गुण, पाळली."

पियंकर उठला आणि त्या उपासकाजवळ जाऊन बसला. "चूक माझी झाली," तो म्हणाला. "कुठे गळते आहे?"