सालीखालची कुरकुर

दूर उत्तरेच्या डोंगरांत, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तिथल्या देवदारांच्या जंगलात एक खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. जुन्या देवदारातली तिची ढोली फार वणवण केल्यावर मिळालेली होती. मुलांनो, थंडीच्या दिवसांत अशी कोरडी, उबदार जागा असणे म्हणजे जीव वाचणेच. बर्फ पडायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी खारीला बुंध्यावर चिमूटभर तांबूस भुसा दिसला. तिने सालीला कान लावला. आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती.

खारीने ती कुरकुर ओळखली. ती लहान असताना दरीपलीकडचे तिचे जंगल असाच आवाज करणाऱ्या किड्यांनी खाल्ले होते. तांदळाच्या दाण्याएवढे काळे किडे, पण सालीखाली शिरून त्यांनी डोंगरच्या डोंगर वाळवले होते. हिरवी झाडे आधी तांबडी पडली, मग करडी. आईच्या मागोमाग ती त्या वाळल्या झाडांखालून दिवसभर चालत आली, तेव्हा वाटेत एकही पाखरू बोलले नव्हते.

भुसा दिसला की सुतारपक्ष्याला कळवायचे, असा या जंगलाचा रिवाज होता. तो किडक्या जागेची साल सोलून किडे वेचून खाई. किडे थोडे असले तर झाड वाचे. मात्र झाड सावरेपर्यंत त्यावर कोणाला राहता येत नसे. बर्फ तोंडावर असताना पिल्लांना घेऊन कुठे जायचे, या विचाराने खारीची पावले अडली. तिने शेपटीने भुसा झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुसा पडला, तिने पुन्हा झाडला. शेजारच्या देवदारावर एक म्हातारी खार राहत असे. पिल्ले तिला मावशी म्हणत. तिने एकदा सहज विचारले, की रोज सकाळी एवढी कसली झाडलोट चालते. खारीने बियांची टरफले पडतात असे सांगून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून मावशी समोर आली की ती वाट बदलू लागली.

त्या वर्षी बर्फ जेमतेम पडले. थंडीत कुरकुर थांबली आणि संकट टळले, अशी खारीने मनाची समजूत घातली. पण झाडे तहानलेली राहिली होती. एरवी सालीला भोक पडले की देवदार चिकट राळ सोडून किड्याला बुडवतो, पण तहानलेल्या झाडांत राळ कुठून येणार? उन्हे तापताच एका दुपारी खारीच्या झाडाची साल वर शेंड्याकडे जागोजाग फुटली. शेकडो किडे बाहेर पडले, वाऱ्यावर चढले आणि आसपासच्या झाडांवर उतरले. खारीने पिल्लांना ढोलीत ओढले आणि त्यांचे डोळे आपल्या अंगाखाली झाकले. स्वतःचे डोळे मात्र तिला मिटता येईनात.

चार दिवसांनी मावशीला आपल्या बुंध्यावर भुसा दिसला. ती थरथरत होती, तरी तडक सुतारपक्ष्याकडे गेली. तो आला, त्याने साल ठोकून पाहिली आणि सगळ्यांना बोलावून घेतले. हे किडे जवळच्याच झाडातून आले असले पाहिजेत, तो म्हणाला, आणि ते मूळ झाड सापडले नाही तर मागून आणखी बाहेर पडतील. मग तो एकेक बुंधा पाहत निघाला. खारीच्या झाडाशी आला, तर तिने सकाळीच झाडलेला बुंधा स्वच्छ. तो पुढे वळला.

आता गप्प राहिले तर कोणालाच काही कळणार नव्हते. पण पिल्ले तिला बिलगून उभी होती, आणि तिला दरीपलीकडची ती वाट आठवली. तशाच वाटेने आता यांना चालावे लागणार.

"सुतारदादा," ती कशीबशी म्हणाली, "ते झाड माझंच आहे. भुसा मी रोज झाडत होते. हिवाळ्याच्या आधीपासून."

सुतारपक्ष्याने एक चोच मारली आणि हातभर साल गळून पडली. खाली लाकडावर नुसती वळवळ होती.

"तेव्हाच सांगितलं असतंस तर दोन दिवसांचं काम होतं," तो म्हणाला. "हे झाड आता मेलेलं आहे."

खारीने भीत भीत मावशीकडे पाहिले. मावशी शांतपणे म्हणाली, "तू भ्यालीस, ते मला समजतं. मीही भ्याले होते."

तिने चार कडू बोल सुनावले असते, तरी खारीला एवढे लागले नसते.

सुतारपक्ष्याने आपले सगळे गोत बोलावले. उन्हाळाभर साली सोलल्या गेल्या, किडे वेचले गेले. जंगल वाचले, पण नऊ देवदार गेले. मावशीचे झाडही त्यात गेले. मावशी, खार आणि पिल्ले एका खडकाच्या कपारीत राहू लागली. पावसाळ्यात एका दुपारी मोठा आवाज झाला आणि खारीचा जुना देवदार कोसळला. पिल्ले दचकून तिला बिलगली. आपले झाड कशाने मेले, हे त्यांना तेव्हा नीट कळले नव्हते; ते त्यांनी आता विचारले.

खारीने त्यांना जवळ घेतले आणि पहिल्या चिमूटभर भुशापासून सगळे सांगितले. काहीच लपवले नाही.

तात्पर्य : भीतीपोटी झाकलेली कीड आपले घर तर खातेच, शेजाऱ्याचेही खाते, म्हणून संकट लहान असतानाच बोलून दाखवावे.