यमुनाबाईंची सही

यमुनाबाई लोहकरे बावीस वर्षं आपल्या दुकानात विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या दुरुस्त करत होत्या. आसपासच्या गावांतले पंप त्यांच्याच हातून पुन्हा सुरू व्हायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विद्यापीठात विद्युत शाखेच्या पदविकेला प्रवेश घेतला. कामाच्या अनुभवाचे वीस क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मिळतात, असं विद्यापीठाच्या नियमातच होतं. त्यांनी रीतसर अर्ज केला.

अर्ज तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष आणि विद्युत विभागाचे प्रमुख डॉ. निमकर यांनी तो बोटाने बाजूला सारला. "बाई, हातकाम वेगळं आणि ज्ञान वेगळं. तार काय, कुणीही गुंडाळतं! तुमच्याकडे शिकण्यासारखं काही आहे, हे आम्ही कशावरून मानायचं?"

यमुनाबाईंच्या कानशिलांत आग पेटली, पण आवाज त्यांनी चढू दिला नाही.

"साहेब, दर उन्हाळ्यात तुमच्याच विभागाची मुलं माझ्या दुकानात महिनाभर शिकायला येतात. यंदा नऊ आली. ती शिकली, असं मी सही करून लिहून दिलं आणि त्या कागदावर तुम्ही प्रत्येकाला चार क्रेडिट दिलेत. मला काही येत नसेल, तर आधी त्या नऊ जणांचे क्रेडिट काढून घ्या. मग माझा अर्ज खुशाल फेटाळा."

समितीतल्या एका प्राध्यापिकेने विभागाची फाईल उघडून ते नऊ कागद टेबलावर मांडले. प्रत्येकावर यमुनाबाईंच्या सहीखाली निमकरांची मंजुरी होती.

निमकरांनी घसा खाकरला. "बरं, दहा देऊ."

"नियमात वीस आहेत," यमुनाबाई म्हणाल्या.

वीस मंजूर झाले. तरी घरी पोहोचेपर्यंत त्यांचा संताप काही उतरला नव्हता.