महाराजांचं बूड आणि चाळीस कोस

महाराज सायकलवरून उतरेनात! शेवटी चार शिपायांनी त्यांना सायकलसकट उचललं आणि दरबारात आणून सिंहासनापुढं ठेवलं. मान खाली, पाठ वर, हात खालच्या दांडीला चिकटलेले. खडकमाळचे राजे बलभीमराव दरबार चालवत होते, आणि त्यांना दिसत होते फक्त मानकऱ्यांचे जोडे.

"महाराज, दुखतंय का?" एका खुळ्यानं विचारलं.

"राजाला दुखत नसतं!" महाराज फरशीकडं बघत गरजले. "आम्ही जोडे तपासतोय. हा फाटका कुणाचा?"

सायकल होती कार्बनची. वजनाला कोहळ्याएवढी, दिमाखाला हत्तीएवढी. दिवाण त्र्यंबकपंतांनी निवडलेली, शर्यतीतल्या पोरांची. त्या पोरांची पोटं पाठीला लागलेली असतात. आमच्या महाराजांचं पोट हँडलच्या आधी गावात पोचायचं! पण पंतांपुढं बोलायचं कुणी?

गेनबा मालिशवाल्याला बोलावलं. त्यानं पाव शेर तेल जिरवलं, तेव्हा कुठं महाराज सायकलपासून सुटे झाले.

सोमवारी महाराजांना सासुरवाडीला जायचं होतं. वाट चाळीस कोसांची, आणि जायचं ते सायकलवरूनच. कारण मेहुण्यानं निरोप धाडला होता, "दाजी, झेपत नसेल तर पालखी पाठवतो." झालं! महाराज पेटले.

"गेनबा! वखारीत चाळीस सायकली आहेत. चाळीस कोस गेलो तरी बूड कुरकुरता कामा नये, अशी एक काढ. पण आम्हांला टेप लावायचा नाही. जित्या माणसाला मापणं म्हणजे तिरडीची तयारी! कुठं दुखतं ते विचारायचं नाही. आणि आम्ही बसूनही बघणार नाही."

महाराजांना टेप चालत नसे, म्हणून तर त्यांचा अंगरखा पोत्यासारखा होता. शिंपी बिचारा लांबून अंदाजानं शिवायचा.

"आणि चुकली तर, महाराज?"

"राहिलेली वाट तुझ्या पाठीवर!"

दिवाणजी मिशीत हसले. "आणि बरोबर निघाली तर महाराजांचं अंग दुखणारच नाही. मग मालिशवाला पोसायचा कशाला?"

"हेही खरंच!" महाराज म्हणाले. "नोकरी बंद."

आता बोला! चुकलं तर पाठ गेली, जमलं तर पोट गेलं.

गेनबानं घरी येऊन बायकोला सांगितलं. ठकूबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "महाराजांचं वजन किती हो?"

"सव्वादोन मण."

"मग पोटाचं बघू काहीतरी. आधी पाठ वाचवा!"

दुसऱ्या दिवशी गेनबा वखारीत शिरला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मग प्रत्येक सायकलवर वीत टाकत, हवेत कुणाला तरी चोळत फिरू लागला. पहारेकऱ्यांना वाटलं, गडी कामातून गेला.

दुपारी त्यानं एक सायकल बाहेर काढली. कार्बनचीच, पण हँडल उंच, मान ताठ ठेवून बसता येईल असं. टायर रुंद. "यात दगडासारखी हवा कोंबू नका," तो म्हणाला. "अंगठ्याला जरा दबली पाहिजे." बैठक मात्र त्यानं घट्टच निवडली. मऊ गादी दोन कोस गोड लागते, मग बूड तिच्यात रुततं!

"ही तर म्हाताऱ्याची सायकल!" दिवाणजी खदखदले. "महाराजांच्या मागून येणारे आम्ही अठरा मानकरी शर्यतीच्याच घेणार. बारीक टायर, खाली हँडल!"

"घ्या की," गेनबा म्हणाला. "तुम्ही शिकलेली माणसं."

सोमवारी पहाटे लवाजमा निघाला. पुढं महाराज, मागं अठरा मानकरी, सगळ्यांत मागं सामानाच्या टेम्पोत गेनबा. दर कोसाला तो डोकं बाहेर काढून बघायचा, महाराज खाली तर उतरले नाहीत ना! उतरले की याची पाठ गेली.

उतरले ते थेट सासुरवाडीच्या दारात. स्वतःच्या पायांवर, ताठ! मेहुण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पालखी कुठाय? बस तूच तीत!"

मग एकदम वळले. "गेन्या! सायकल अंगाला लागते कशी बेतून शिवल्यागत? चोरून माप घेतलंस!"

"माप कशाला, महाराज? वीस वर्षं रोज तुम्हांला चोळतोय. जांघेपासून टाचेपर्यंत माझ्या साडेतीन विती. बैठकीच्या दोन हाडांमधे सहा बोटं. गाठ मानेच्या डाव्या बाजूला. टेप लागतो तो परक्या माणसाला!"

महाराजांची मिशी थरथरली. राग की हसू, कुणाला कळेना.

"शाबास! पण हुकूम तो हुकूम. तुझी नोकरी बंद."

"बरं. पण आधी पंगतीला चला, महाराज. मंडळी खोळंबलीत."

महाराज पंगतीत आले. पाट मांडलेले, पुरणपोळीवर तूप ओघळतंय, आणि अठराच्या अठरा मानकरी आपापल्या पाटाशेजारी उभे!

"बसा!" महाराज म्हणाले.

कुणी हललं नाही.

"बसा म्हणतो ना!"

सेनापती अर्धे वाकले आणि "आई गं!" करून पुन्हा उभे राहिले. दिवाणजींनी खांबाला मिठी मारली होती. "आम्ही उभ्यानंच जेवतो, महाराज. पचन चांगलं होतं."

"पंत, दुखतंय का?"

"छे छे! मानकऱ्याला कुठं दुखत..." एवढं म्हणून पंतांनी खांबावर डोकं टेकलं आणि भोकाड पसरलं.

गेनबानं शांतपणे बाह्या वर केल्या. "महाराज, तुमचं एक अंग दुखायचं थांबलं, पण तुमच्या मागं धावून ही अठरा दुखायला लागली. आणि अशी सायकल मिळाल्यावर तुम्ही काय घरी बसणार? माझी नोकरी बंद करताय, की मदतीला माणसं देताय?"

महाराज असे हसले, असे हसले, की वाटीतलं तूप सांडलं! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गेनबाच्या हातात घातलं.

"आजपासून तू अख्ख्या दरबाराचा मालिशवाला! पगार अठरापट, आणि तो मानकऱ्यांनी द्यायचा. कर सुरुवात सेनापतींपासून. आणि पंत, रडू नका. तुमचा नंबर अठरावा!"